तोंडानं ओढलेलं सूत

आमच्या घरात माणसं राहतात की माग राहतो, असा प्रश्न पहिल्यांदा येणाऱ्याला पडायचा. एका खोलीचं घर, आणि त्या खोलीचा जवळजवळ अर्धा भाग मागानं खाल्लेला. आजोबांनी तो करमाळ्याकडच्या आमच्या गावातून सुटा करून बैलगाडीत घालून सोलापूरला आणला होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा, विणणारा काठावर बसून पाय खड्ड्यात सोडणार आणि खालच्या पावड्या दाबणार. आई भाकऱ्या थापायला बसली की तिची पाठ मागाला लागायची. उन्हाळ्यात खड्ड्यातली माती गार असायची म्हणून दुपारी आम्ही भावंडं पाय आत सोडून बसायचो, आणि तिथंच बसून मी पाढे पाठ केले. आमच्या आळीत कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मुलगी मी. लोक विचारतात, तुमच्या घरी अभ्यासाला जागा होती का? होती. खड्ड्यात होती.

आम्ही महार. आजोबा गावी जाडंभरडं विणायचे, आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तेच हातात घेतलं. कामाला ते कापडाच्या मिलमध्ये; तिथून सुटल्यावर आणि रविवारी मागावर बसत आणि पासोड्या, म्हणजे जाड पांघरुणं, विणत. त्या पासोड्या आळीतच खपायच्या. बाळंतिणीला आबांची पासोडी, म्हाताऱ्याला आबांची पासोडी. कांड्या भरायचं काम माझं. रहाटावर बारीक नळीला सूत गुंडाळायचं, ती झाली कांडी. कांडी धोट्यात बसते आणि धोटा ताण्यातून, म्हणजे उभ्या सुतांमधून, इकडून तिकडे पळतो. आता यातली एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. धोट्याच्या अंगाला एक बारीक भोक असतं. कांडी आत बसवली की सुताचं टोक त्या भोकातून बाहेर काढावं लागतं. बोट आत जात नाही. म्हणून विणकर भोकाला बाहेरून तोंड लावतो आणि एक झुरका ओढतो. सूत टचकन ओठावर येतं. दिवसातून शेकडो वेळा. जगातले सगळे विणकर असंच करत असावेत, अशी माझी समजूत होती, आणि ती फारशी चुकीची नव्हती.

मिलमध्येही असंच चाले. तिथं एक धोटा आज याच्या तोंडाला, उद्या त्याच्या. म्हणून आमच्या लोकांना विणाई खात्यात मज्जाव होता. आमचे लोक सूतकताईत होते, झाडूवर होते, हमालीत होते. आबा कांड्यांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन विणाई खात्याच्या दारापर्यंत नेत आणि उंबऱ्याच्या अलीकडे ठेवत. आतला माणूस येऊन टोपली उचली. बारा वर्षं त्यांनी हे केलं. त्या दारावर आमचा दुसरा कोणी माणूस नव्हता, त्यामुळे दुपारची भाकरीही ते एकटेच खात. रद्दी कापसाच्या गोदामामागं एक लिंबाचं झाड होतं, त्याखाली. भाकरी मी घेऊन जायची. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कधी अंबाडीची भाजी. मी समोर बसले की आबा आधी खायचे नाहीत, आधी बोलायचे. सकाळपासून तोंड उघडायला कोणी भेटलेलं नसायचं ना. खात्याच्या मास्तरांची नक्कल, जॉबरची म्हणजे मुकादमाची नक्कल, गोदामातल्या मांजरीचं बाळंतपण, सगळं मला सांगायचे. मी मोठ्या माणसासारखी मान हलवायची. आज वाटतं, आबांचं मिलमधलं बोलणं ऐकलेली मी एकटीच.

दारात उभं राहून राहून त्यांचा कान तयार झाला होता. आत कित्येक साचे एकदम खडखडत असत. मिलमध्ये यंत्रमागाला साचा म्हणत. त्या गदारोळातून आबांना एकेक साचा वेगळा ऐकू यायचा. "तिसऱ्या वळीतला लंगडतुया," ते म्हणायचे. घरी आल्यावर जिभेनं आणि टाळूनं ते साच्याचा आवाज काढून दाखवत. नीट चालणारा साचा, मग तोच लंगडणारा, मग सूत तुटून थांबलेला. धाकटा भाऊ हसून हसून खड्ड्यात पडायचा. आई म्हणायची, "हसा. बाप येडा हाय आन तुमी त्येची पलटन."

आमच्या घरी बाहेरचा माणूस एकच यायचा. नरसय्या. तो तेलुगू विणकरांतला, मिलमध्ये दोन साचे चालवायचा. टोपली उचलायला दारात यायचा, आणि एकदा आबांनी त्याला सांगितलं की तुझ्या डाव्या साच्याची दोरी सैल झालीय. त्यानं बघितलं तर खरंच झाली होती. तेव्हापासून दोस्ती. संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसायचा, आत नाही. मराठी त्याची अशी होती की आम्ही मुलं कान टवकारून वाट बघायचो. "अम्मायी, तुझा आई कुटं गेला?" तो मला विचारायचा. अम्मायी म्हणजे पोरी. मी म्हणायची, "माझा आई पाण्याला गेला." मग आबा दटावायचे आणि तोंड फिरवून स्वतःच हसायचे. आबांचं विणलेलं कापड नरसय्या बोटांत धरून उजेडाकडे करायचा आणि म्हणायचा, "तुकन्ना, हा हात दारात कशाला ठेवला देवानं?" आबांचं नाव तुकाराम.

एका वर्षी शहरात तापाची साथ आली. घरटी दोन-दोन माणसं आडवी. विणाई खात्यात साचे बंद पडायला लागले आणि कापडाची मोठी मागणी अंगावर. तेव्हा नरसय्यानं खात्याच्या मास्तरांना सांगितलं की बाहेर टोपली घेऊन उभा असतो, तो विणतो. मास्तर जातीपातीपेक्षा घड्याळाकडे जास्त बघणारे गृहस्थ होते. त्यांनी आबांना आत बोलावलं, तुटलेलं सूत हातात दिलं. आबांनी विणकराची गाठ मारली, तीही मास्तरांकडे बघत, हाताकडे न बघता. मास्तर म्हणाले, आजाऱ्यांचे दोन साचे तुला देतो. कापड धड निघालं तर कोपऱ्यातली जोडी कायमची तुझी.

साचेवाले गोळा झाले. त्यांचा पुढारी गणपत जॉबर. तो दुष्ट माणूस होता असं मला आजही लिहिता येत नाही. आमच्या आळीत आग लागली तेव्हा पाण्याच्या बादल्या देणाऱ्यांत तो होता. पण बादली त्यानं खाली ठेवली होती, हातात दिली नव्हती. तो म्हणाला, "मास्तर, आजारी मानूस उद्या बरा हून येनार. ह्येनं तोंड लावल्याला धोटा त्येनं तोंडाला लावायचा व्हय?" मास्तरांनी डोकं खाजवलं आणि म्हणाले, मग हा तोंड लावणार नाही. दुसरं काही करून सूत काढील. एकदा जरी तोंड लावलं तर बाहेर. कबूल? जॉबर कबूल म्हणाला. आबाही म्हणाले.

त्या शनिवारी आबा घरी आले ते भोंग्याच्याही आधी आल्यासारखे. आईनं सगळं ऐकलं आणि पहिला प्रश्न विचारला, "मंग सूत काय नाकानं वढनार?" उत्तर सुचलं ते मला. मिशनच्या शाळेत बाई आम्हांला लोकर विणायला शिकवत. माझ्याकडे क्रोशाची सुई होती, टोकाला बारीक आकडा असलेली. मी ती दप्तरातून आणली, धोट्याच्या भोकात घातली, आणि दोन-तीन प्रयत्नांत सूत बाहेर. आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढं बी.ए.ची पदवी हातात घेतानाही मला तेवढं मोठं झाल्यासारखं वाटलं नाही.

रविवारी दिवसभर सराव. आबा मागावर, मी कांड्या देणारी, आई भाकरी थापता थापता पहारा करणारी. आबा कांडी बसवायचे, सुई घ्यायला हात उचलायचे आणि तोवर धोटा तोंडाशी गेलेला असायचा. आई मागं न बघताच ओरडायची, "तोंड!" आबा दचकून धोटा खाली घ्यायचे. पुन्हा कांडी, पुन्हा तोंड, पुन्हा आई. धाकट्यालाही खेळ सापडला, तोही "तोंड! तोंड!" करत नाचायला लागला. दुपारपर्यंत हसून हसून आमची पोटं दुखली. आबा म्हणाले, "अगं, आईचं दूध पिल्यापास्नं जी सवय हाय ती एका दिसात कशी मोडंल?" आई म्हणाली, "मोडंल. न्हाय मोडली तर मी मोडते, लाटण्यानं." संध्याकाळपर्यंत आबा दहातून नऊ वेळा सुई वापरायला लागले. दहाव्या वेळेचा विचार आम्ही कोणी केला नाही.

सोमवार, मंगळवार, बुधवार. या तीन दिवसांचं आमचं घर मला अजून जसंच्या तसं आठवतं. आबा संध्याकाळी आले की कानांवर हात ठेवून बसायचे. दाराबाहेरून ऐकणं वेगळं आणि आत उभं राहणं वेगळं. पण चेहरा उजळलेला. मला सांगायचे, "शेवंते, डावा साचा लई गुनी हाय बघ. उजवा खट्याळ. त्येला जरा चुचकारावं लागतंय." जनावरांबद्दल बोलावं तसं ते साच्यांबद्दल बोलत. आईनं शेंगदाण्याची पोळी केली, सण नसताना. नरसय्या ओट्यावरून ओरडायचा, "वैनी, आता तुकन्ना माझा बाजूला उभा असतो! मी चुकला की मला शिव्या देतो!" आणि आबा लाजायचे. बाप लाजताना मी त्याआधी पाहिला नव्हता. शाळेत मी सगळ्यांना सांगितलं. ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं.

गुरुवारी दुपारी मी भाकरी घेऊन गेले. आता आबा विणाई खात्यातले होते तरी जेवायला येत लिंबाखालीच, तेवढं बदललं नव्हतं. मी बसून राहिले. खात्याच्या भिंतीपलीकडून साच्यांची खडखड येत होती, तिच्यात आबांचे दोन कुठले ते ओळखायचा मी प्रयत्न करत होते. मग एक ओळ थांबली. मला वाटलं, पट्टा तुटला असेल. मग दुसरी थांबली. मग तिसरी. चालू मिलमध्ये शांतता ऐकणं ही फार वाईट गोष्ट आहे. जेवणाची वेळ झालेली नव्हती, भोंगा झाला नव्हता, आणि भिंतीपलीकडे एकही साचा चालत नव्हता.

खात्यातले सगळे मिलच्या अंगणात आले. पुढं आबा, त्यांच्याभोवती जागा सोडून बाकीचे. आबांच्या हातात सुई होती, माझी. उजव्या साच्याचं सूत तुटलं होतं, त्याच घाईत डाव्याची कांडी संपली, आणि आबांनी कांडी बदलून धोटा उचलला. पुढचं हातानं केलं, डोक्यानं नाही. साऱ्या ओळीनं पाहिलं. सुई कानावर खोचलेली होती, तशीच राहिली.

मास्तर आले. त्यांना कापड पाहिजे होतं. तीन दिवसांचं कापड त्यांनी तपासलं होतं आणि त्यात दोष सापडला नव्हता, हे मला नंतर कळलं. त्यांनी आबांना विचारलं, पण विचारताना उत्तरही स्वतःच त्यांच्या हातात ठेवलं. "तुकाराम, सुईनंच काढलंस ना? लांबून तोंडाजवळ दिसलं असेल लोकांना." गणपत जॉबर म्हणाला, "लांबून काय मास्तर, शेजारी नरसय्या हुता. त्येला विचारा. त्येचाच मानूस हाय, खोटं बोलनार न्हाय."

सगळ्या माना नरसय्याकडे वळल्या. नरसय्याच्या कपाळावर सुताचा भुगा चिकटलेला होता, घामानं तो ओला झाला होता. तो म्हणाला, "मी... माझा कांडी बदलत होता. माझा लक्ष नव्हता." जॉबर म्हणाला, "लक्ष नव्हतं? हाताच्या अंतरावर? घरच्या देवाची आन घे आन सांग." नरसय्यानं तोंड उघडलं. पाहिलं म्हणाला तर मित्र जाणार. नाही पाहिलं म्हणून शपथ घेतली तर उद्या त्याचीच माणसं त्याच्या हातचं पाणी घेणार नव्हती. चार मुली लग्नाच्या होत्या त्याच्या.

आबांनी त्याला बोलू दिलं नाही. ते मास्तरांना म्हणाले, "वढलं. तोंडानंच वढलं. त्येला कशाला इचारता? माझं तोंड हाय, मला इचारा की."

मास्तरांचा चेहरा पडला. त्यांनी खिशातलं घड्याळ काढून पाहिलं आणि परत ठेवलं. जॉबरनं सांगितलं, त्या दोन साच्यांचे धोटे भट्टीत टाकायचे. कोण नेणार? कोणी हात लावेना. अखेर आतून एकानं काठीनं ढकलत ढकलत चार धोटे उंबऱ्याबाहेर सारले, आणि आबांनी ते टोपलीत भरले आणि बॉयलरकडे घेऊन गेले. टोपली वाहायचं काम त्यांचंच होतं. मी मागं मागं गेले. बॉयलरवाल्यानं दार उघडलं. आबांनी एकेक धोटा हातात घेतला, अंगठ्यानं पुसला आणि आत टाकला. शिसवाचे की कशाचे होते कोण जाणे, लवकर पेटले नाहीत.

मग आम्ही लिंबाखाली आलो. आबांनी भाकरी मोडली, चटणी लावली, आणि म्हणाले, "मीठ कमी पडलंया आज." मी रडत होते. मी म्हणाले, "मास्तर सांगत हुते की तुमास्नी. सुईनं वढलं म्हनायचं हुतं." आबा म्हणाले, "आन नरसू काय म्हनला असता?" मी म्हणाले, त्यानं खोटी शपथ घ्यायची. आबा म्हणाले, "देवाची आन घेऊन? माज्यासाटी?" आणि जेवत राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो बरेच दिवस राहिला. मी दहा वर्षांची होते आणि माझं म्हणणं होतं की एक खोटं बोलून दोन साचे मिळत असतील तर बोलावं. आज माझं वय आबांच्या तेव्हाच्या वयाच्या दुप्पट आहे आणि खरं सांगायचं तर अजूनही कधी कधी माझं तेच म्हणणं असतं.

आईनं त्या संध्याकाळी धाकट्याला थोबाडीत मारली, तो सवयीनं "तोंड!" म्हणून ओरडला तेव्हा. मग त्यालाच पोटाशी धरून बसली.

नरसय्या आठ-दहा दिवस आला नाही. दारात टोपली उचलायला दुसराच माणूस यायचा. मग एका संध्याकाळी आला, ओट्यावर नेहमीच्या जागी बसला. म्हणाला, "तुकन्ना, मी भ्याला." आबा मागावर होते, आतूनच म्हणाले, "भ्यायलाच पायजे. चार पोरी हायत्या तुला." नरसय्या म्हणाला, "पण जोडी गेला की तुझा." त्यावर आबा हसले आणि म्हणाले, "कसली जोडी? आरं, म्या उगं गंमत म्हनून गेलतो तितं. आपल्याला कुटं साचं चालवायचं हुतं? कान बसलं त्या आवाजानं." नरसय्याला बरं वाटावं म्हणून ते हे म्हणाले. माझ्या माहितीत आबा आयुष्यात एकदाच खोटं बोलले, आणि ते हे. त्यानंतर त्यांनी साच्याचा आवाज तोंडानं काढून दाखवला नाही. धाकट्यानं हट्ट केला तरी नाही.

मैत्री मात्र टिकली. नरसय्या म्हातारा होईपर्यंत आमच्या ओट्यावर येत राहिला, आम्हांला त्याच्या मुलींच्या लग्नाचे लाडू मिळाले, कागदात बांधून आणलेले. आमंत्रण नाही मिळालं. आबा लाडू खाताना म्हणत, "नरसूच्या बायकूचा हात लई गोड हाय." मला ते लाडू गोड लागत नसत, पण मी खात असे.

मी मॅट्रिक झाले. पुण्याच्या कॉलेजचा अर्ज मागवला, खड्ड्याच्या काठावर बसून भरला. आबांना अक्षर येत नव्हतं, म्हणून मी प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचून मग लिहीत होते. वडिलांचा व्यवसाय, असा रकाना आला. मी लिहिलं, विणकर. आणि वाचून दाखवलं. आबांनी धोटा थांबवला. मला वाटलं, आता म्हणतील खोड. मी भांडायच्या तयारीनं बसले होते.

त्यांनी धोटा खाली ठेवला. मग म्हणाले, "नुसतं इनकर म्हनू नगो. लोकास्नी वाटंल मिलचा. फुडं 'घरी' म्हून लिव."

मी लिहिलं. विणकर, घरी.

कॉलेजच्या कचेरीतल्या कारकुनानं चष्मा वर करून अर्ज वाचला. "हे काय? घरी म्हणजे? नोकरी कुठं करतात ते लिहायचं असतं. हे 'घरी' काढून टाकू का?"

मी म्हणाले, "वडिलांनी सांगितलंय. राहू द्या."

त्यानं राहू दिलं.